झोपाळा बांधलाय ना?

बदलापूरच्या एसटीडी बूथमधून मी तात्यांशी फोनवर नेमकं काय बोललो, हे आजवर कुणालाच खरं सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या नगरपालिकेत सगळ्यांची समजूत अशी, की बागेतला मोठा झोपाळा बंद ठेवा असं मी त्या फोनवर बजावलं होतं आणि तात्यांना ते नीट ऐकू आलं नाही. ही समजूत मीच करून दिली. मी तसं काही बजावलं नव्हतं.

परत आल्यावर लोकांना प्रवासातलं बाकी सगळं सांगितलं. अंबरनाथचं देऊळ, उल्हासनगरचे पापड, बारवीचं पाणी. कचेरीत चहाच्या वेळी रंगवून रंगवून सांगितलं. आता तोच प्रवास पुन्हा सांगतो आहे, वगळलेल्या भागासकट.

मी कृष्णाकाठच्या एका लहान नगरपालिकेत उद्यान अधीक्षक आहे. पद ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात एक बाग, तिच्याशेजारचं खेळाचं मैदान आणि मोजके माळी. माळ्यांचे प्रमुख तात्या. ते वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला साहेब म्हणायचे. उजव्या कानानं त्यांना जरा कमी ऐकू यायचं, एवढंच. बागा आणि मैदानं कशी चालवावीत याचं प्रशिक्षण अंबरनाथला आहे, जाऊन या, असा हुकूम निघाला तेव्हा नव्वदीची सुरुवात होती आणि श्रावण लागला होता. नागपंचमी प्रशिक्षणाच्या मधेच येत होती.

आमच्याकडे पंचमी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. जमीन खणायची नाही, म्हणून माळ्यांनाही कुदळीची सुट्टी. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात आणि झोके घेतात. दोघीदोघी फळीवर समोरासमोर उभ्या राहून, पदर खोचून, अशा चढवतात की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. पूर्वी हे झोके नदीकाठच्या झाडांना बांधायचे. झाडं गेली. तेव्हा बागेत लोखंडी पाइपांचा एक उंच झोपाळा उभा करावा ही कल्पना माझी. गावानं कौतुक केलं, नगराध्यक्षांनी भाषणात नाव घेतलं.

तो झोपाळा कुरकुरायला लागला. बागेला लागून राहणारे एक निवृत्त मामलेदार दुपारची झोप मोडते म्हणून कचेरीत येऊन बसले. मी तात्यांना घेऊन गेलो, स्वतः शिडीवर चढलो. साखळी वरच्या आकड्यात जिथं अडकते ती कडी घासून घासून बारीक झाली होती, बोटातल्या जुन्या अंगठीसारखी. ती मी पाहिली. पंचमी झाली की बदलू, असं मनात म्हटलं आणि खाली हात करून तात्यांकडून ग्रीसचा डबा घेतला. कुरकुर थांबली. तात्या खालून म्हणाले, "लोण्यावानी चालतोय साहेब." मीही खूश झालो. आणि अंबरनाथला गेलो.

अंबरनाथ

गाडीतलं काही सांगण्यासारखं नाही. आमची राहायची सोय एका कारखान्याच्या वसाहतीत केली होती. सरळ रस्ते, मेंदीची कापलेली कुंपणं, एकसारख्या चाळी, आणि सगळ्यांना उठवणारा, जेवायला बसवणारा भोंगा. आमच्या गावात माणसं उन्हाकडं बघून उठतात. इथं भोंगा वाजला की खिडक्यांतून एकदम स्टोव्हचे आवाज.

खोलीत माझ्याबरोबर खानोलकर म्हणून एक गृहस्थ होते, कोकणातल्या एका बंदराच्या गावचे. त्यांच्या तोंडाला टाळा नव्हता. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावरनं वाटतं, बागेचं दार उघडं टाकून आलात." मी हसलो. त्यांना काय कल्पना.

संध्याकाळी शंकराच्या जुन्या देवळात गेलो. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात आणि खाली ओलाव्याचा, बेलाचा, तेलाचा मिळून एक वास येतो. बाहेर आलं की शेजारच्या नदीचा वेगळाच वास. तिच्यावर फेस तरंगत होता आणि पाण्याला कुठल्याशा कारखान्याचा जांभळा रंग. "देव खाली का बसलाय ते कळलं," खानोलकर नाकाला रुमाल लावून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रधानबाईंनी आम्हाला ताब्यात घेतलं. वसाहतीतली बाग, मैदान, मुलांचे खेळ, बायकांचं मंडळ, सगळं त्या बघत. आधी शाळेत खेळ शिकवायच्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आम्हाला मुलांच्या बागेत उभं करून त्यांनी विचारलं, "या बागेतला सगळ्यात प्रामाणिक प्राणी कोण?"

"वॉचमन," खानोलकर म्हणाले.

"तो दुपारी झोपतो. कुरकुरणारा झोपाळा. आपलं काय दुखतंय ते सांगत असतो बिचारा. आणि आपण काय करतो?"

एकजण म्हणाला, "ग्रीस लावतो."

"म्हणजे बोळा कोंबतो त्याच्या तोंडात." बाईंनी रॉकेलचा फडका घेतला, शिडीवर चढल्या आणि एका कडीवरचं काळं ग्रीस पुसून काढलं. आम्हाला एकेकाला वर चढून बघायला लावलं. माझी पाळी आली, वर चढलो. तीच अंगठी. माझ्या झोपाळ्याची सख्खी बहीण.

"हिच्यावर कुणाला बसवाल?" बाईंनी खालून विचारलं.

"सासूला," वरून नाही, खालून उत्तर आलं. खानोलकरच.

"मग आता काय करायचं? बांधायचा."

"बांधलेलाच आहे की, बाई," एकजण म्हणाला.

तेव्हा त्यांनी समजावलं, की त्यांच्या वसाहतीत झोपाळा बांधणं म्हणजे साखळ्या वरच्या पाइपाला गुंडाळून दोरीनं आवळून टाकणं. कुणाचा हात पोचता कामा नये. नुसती पाटी लावून भागत नाही, मुलं पाटीलाच लोंबकळतात. मी न राहवून म्हणालो, "आमच्याकडं उलट. पंचमीला झोका बांधतात म्हणजे टांगतात."

"असं?" बाई हसल्या. "मग तुमच्या माळ्याला नीट फोड करून सांगत जा हं. नाहीतर तुम्ही म्हणाल बांधा, आणि तो फुलं लावून ठेवेल."

सगळे हसले. मीही. हे हसणं मी अजून विसरलो नाही, कारण पुढचं सगळं त्यातच होतं.

जेवताना मी दिवस मोजले. पंचमी अजून आली नव्हती. फोन केला की काम झालं असतं. एवढंच तर होतं.

उल्हासनगर

उल्हासनगरला आम्हाला नेलं ते बाग कशी वापरली जाते हे बघायला. बाईंची रीत अशी: बागेत गेल्यावर पहिल्यांदा झाडं बघायची नाहीत, एका बाकावर बसून माणसं बघायची. कोण कुठून येतं, कुठं टेकतं, कुणाला कुणाचा त्रास होतो. ते मैदान आमच्या बागेपेक्षा लहान आणि त्यात आमच्या गावाएवढी माणसं. सकाळी पांढऱ्या लेंग्यातले सिंधी म्हातारे गोल करून बसत. ते उठले की पत्त्यांचे डाव. दुपारी फर्निचरच्या दुकानांतले कामगार डबा खायला. संध्याकाळी पोरं आणि त्यांच्या आया. एकाच बाकाची दिवसातून एवढी बिऱ्हाडं बदलायची. आमच्याकडं बागेतल्या बाकावर कोण बसणार हे आडनावावरून ठरलेलं असतं. इथं ते घड्याळावरून ठरत होतं.

मी बघत कमी होतो आणि समोरच्या टपरीवरच्या एसटीडीच्या पिवळ्या पाटीकडं जास्त. मधल्या सुट्टीत जाऊन नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. टपरीवाला म्हणाला, "गाव का लाईन है साईं, थोडा ठंडा रखो." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपण प्रयत्न केला, असं म्हणता येत होतं.

त्या मैदानाच्या कमिटीतल्या एका काकांनी दुपारी आम्हा दोघातिघांना घरी नेलं. पायऱ्या चढून गेल्या गेल्या हातात पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड. आमच्याकडं पाहुण्याला गूळपाणी देतात, इथं पापड. मोडला की सगळ्या खोलीत आवाज. मग काकींनी डाळ-पकवान आणलं. कुरकुरीत पकवानावर चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी. इतकं चांगलं अन्न मी इतक्या बेचैनीनं कधी खाल्लं नसेल.

खोलीच्या मधोमध पितळी साखळ्यांचा झोपाळा होता. घरात शिरणारा प्रत्येकजण आधी त्यावर टेकत होता. काकी मला म्हणाल्या, "बैठो ना साईं, पींघो खाली है." झोपाळ्याला त्या पींघो म्हणत. तीजडीच्या सणाला, त्यांनी सांगितलं, त्यांच्या सगळ्या बायका उपास करून यावर झुलतात. "आप के इधर भी झूलते हैं ना, नागपंचमी को?"

मी हो म्हणालो आणि बाजूच्या खुर्चीत बसलो. माझी नजर छतातल्या आकड्यांकडं गेलेली काकींनी पाहिली. "क्या देख रहे हो? मेरे सासरे का लगाया है. चार जनी साथ बैठती हैं, हम जैसी मोटी."

"हे बागांचे अधिकारी आहेत, काकी," खानोलकर पकवान मोडत म्हणाले. "आणि झोपाळ्याला घाबरतात. म्हणजे पोस्टमन पत्राला घाबरावा तसं."

काकी खळखळून हसल्या. मग माझ्याकडं पाहून थांबल्या आणि हळूच विचारलं, "घर में सब ठीक है ना?"

बाहेर पडल्यावर खानोलकरांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. थट्टा सोडून माणूस एकदम शहाण्यासारखा बोलायला लागला. "काय झालंय?" मी त्यांना कडीचं सांगितलं. शिडीवर चढून मी ती पाहिली होती, एवढं मात्र नाही. ते म्हणाले, "मग उद्या बदलापुरातनं फोन लावा. नाही लागला तर तार करा. त्यात काय विचार करायचा?"

बदलापूर

बदलापूर तेव्हा अजून निम्मं गाव होतं. स्टेशनजवळ नव्या इमारतींचे सांगाडे, आणि जरा पुढं गेलं की भाताची खाचरं, कौलारू घरं, अंगणात मांडव. एका रोपवाटिकेत आमचा दिवस होता. पावसाळ्यात हिरवळीत पाणी साचू नये म्हणून चर कसे काढायचे, सावलीत काय लावायचं. माती लाल, हाताला चिकटणारी. मला आमच्या काळ्या मातीची सवय. ती चिकटली की सोडत नाही, ही निदान धुतली की जाते. खानोलकर दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघून कानाशी मूठ धरत.

दुपारी गेलो. लाकडी पेटीसारखा बूथ, आत पंखा नाही, काचेला फुलांचं चित्र. पहिल्याच फटक्यात लागला. कचेरीतले हेडक्लार्क बोलले. मागं गलका ऐकू येत होता. "अहो, सगळे इथंच आहेत," ते म्हणाले, "उद्याच्या पंचमीची मीटिंग चाललीय. नगराध्यक्षांच्या सौभाग्यवती पहिला झोका घेणार. फोटोग्राफर सांगितलाय. तुमचंच नाव निघालं होतं आत्ता. थांबा, तात्यांना देतो."

तात्या फोन नेमका उजव्या कानाला धरत, म्हणून त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि तेही ओरडून उत्तर देत. म्हणजे मी जे बोललो असतो ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं असतं. झोपाळा बंद करा. का? कडी झिजली आहे. कधी पाहिली? शिडीवर चढून ग्रीस लावलंत तेव्हा? एवढे सगळे प्रश्न मला त्या पेटीत एकदम ऐकू आले. मीटरवरचे लाल आकडे पळत होते.

"साहेब, बोला!" तात्या.

माझ्या तोंडून निघालं, "तात्या, झोपाळा बांधलाय ना?"

"बांधला की साहेब! बायकांनी फुलांच्या माळाबी सोडल्यात. लई झकास दिसतोय."

मला प्रधानबाईंचं हसणं आठवलं. त्याच क्षणी आठवलं, नंतर नाही. तरी मी पुढं म्हणालो, "हिरवळीत पाणी साचलं नाही ना?"

"न्हाई साचलं."

"बरं. ठेवतो."

तो शब्द चुकून आला का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. चुकून आला नाही. फोड करून सांगायचा तोच एक शब्द होता, आणि मी तो फोड न करता वापरला, म्हणजे उद्या काही झालंच तर मला म्हणता यावं की मी बोललो होतो.

बाहेर खानोलकर उभे होते. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बांधतो म्हणाले."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गरम वडे घेतले.

बारवी, जांभूळ

पंचमीच्या दिवशी बारवी धरण. इतकं पाणी एका जागी शांत उभं असलेलं मी प्रथमच पाहिलं. काठावर दाट रान, डोंगरावरून उतरलेले ढग, पाण्यात पडलेली त्यांची सावली. या तिन्ही गावांच्या नळाला हेच पाणी, म्हणून बाईंनी इथं आणलं होतं. पाणी येतं कुठून हे बघितल्याशिवाय बाग आखू नये, हा त्यांचा धडा. धरण बांधताना गावं उठली, हेही त्यांनीच सांगितलं. परतताना जांभूळ गावाजवळची पाणी शुद्ध करायची ठिकाणं पाहिली.

वाटेतल्या एका वाडीवर बाईंच्या ओळखीच्या घरी थांबलो. भाताची लावणी उरकली होती, पडवीत ओली इरली टांगली होती. घरातल्या म्हातारीनं हळदीच्या पानांतल्या पातोळ्या पुढं ठेवल्या. वाफेचा, हळदीच्या पानाचा वास. इथंही आज तवा नव्हता, विळी नव्हती. आमच्याकडं पुरणाची दिंडं उकडतात, इकडं पातोळ्या. सण एकच, वाफही एकच.

"तुमी कंचे गावचे?" म्हातारीनं विचारलं. मी सांगितलं. "मंग आज सनाचं घरा नाय गेलाव?"

"काम होतं."

"तुमचे तिकडं पोरी झोकं घेत्यात ना? माजी सून तिकडचीच हाय. ती सांगतं." ती हसली. "आमचेत फुगड्या. पाय जमिनीला ऱ्हात्यात. बरं असतं."

पातोळी माझ्या हातात तशीच राहिली. घड्याळात बघायचं धाडस होईना. आमच्याकडं दुपार कलली की बायका बागेत यायला लागतात. खानोलकर बिनघोर खात होते. त्यांच्या लेखी झोपाळा केव्हाच गुंडाळून बांधला गेला होता. त्या पडवीत एकटा मीच होतो ज्याला माहीत होतं, की तो फुलं लावून उभा आहे.

परत

गावी पोचलो आणि स्टँडवरच कळलं.

नगराध्यक्षांच्या पत्नींचा झोका झाला, फोटो झाला. नंतर पोरी चढल्या. शिंपी आळीतली सुमन, पहिल्या पंचमीला माहेरी आलेली, मैत्रिणीबरोबर फळीवर उभी होती. झोका वर असताना कडी उघडली. मैत्रीण हिरवळीवर पडली, तिला खरचटलं. सुमन पाइपावर आपटली. मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण आखूड. ती अजून एका बाजूला झुकून चालते.

मुख्याधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. तात्या आधीच भिंतीशी उभे होते. त्यांच्या हातात टोपी होती.

"तुम्ही फोन केला होता म्हणे. काय सांगितलंत?"

"प्रशिक्षणात कडीचं कळलं, म्हणून झोपाळा बांधून ठेवा म्हटलं. तिकडं बंद करण्याला तसं म्हणतात." माझा आवाज स्थिर होता, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. "तात्यांना जरा कमी ऐकू येतं. लाईनही खराब होती."

लाईन अगदी स्वच्छ होती.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "मला वाटलं, बांधला का म्हनून इचारत्यात," ते म्हणाले. "माज्याच कानाचा दोष, साहेब."

त्यांना जे ऐकू आलं होतं ते शब्दन् शब्द बरोबर होतं. त्यांनी ते चूक म्हणून कबूल केलं, आणि मी करू दिलं. शिक्षा म्हणून त्यांना बागेतून काढून पाण्याच्या टाकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. त्यांनी कान तपासून घेतला, मशीन घेतलं. कुणी काही सांगितलं की म्हणायचे, "परत एकदा सांगा." भाजीवालीनं भाव सांगितला तरी परत एकदा. मला पाहिलं की मशीनला हात लावून म्हणायचे, "आता ऐकू येतं, साहेब."

प्रशिक्षणाचा उपयोग झाला. आमच्या बागेत आता ग्रीस लावायच्या आधी कडी पुसतात, माणसं बघायला बाकावर बसतात, आणि झोपाळा बंद करायचा असला तर आम्ही 'बंद' असाच शब्द वापरतो. तो नियम मी केला. का केला ते कुणी विचारलं नाही.

तात्या आता त्यांच्या मुलाकडं असतात, बागेपासून फार लांब नाही. डोळे गेले आहेत, हे लिहिलेलं ते वाचू शकणार नाहीत. सुमन दर पंचमीला माहेरी येते आणि अंगणात बसून इतरांच्या फुगड्या बघते. तिचा पाय माझ्यानं सरळ होणार नाही. पण ग्रीसखालची कडी मी आधीच पाहिली होती, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं. आणि तात्यांना सांगायचं आहे की त्या दुपारी त्यांनी जे ऐकलं तेच मी बोललो होतो, चूक त्यांच्या कानाची नव्हती. हे त्यांना घरी जाऊन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचं आहे. ते "परत एकदा सांगा" म्हणतील, तेव्हा परत एकदा. एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.